केजन इतिहासाचं काम: कागद, माणसं आणि पोटापाण्याचा प्रश्न

पुण्यात इतिहासात एम. ए. केलेल्या आणि फ्रेंचच्या तीन-चार परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: लुईझियानातल्या केजन लोकांच्या आणि त्यांच्या अकेडियन पूर्वजांच्या इतिहासावर काम करायचं आहे. एवढ्याशा प्रदेशाचा अभ्यास करून करिअर होतं का? रोजचं काम काय असतं? आणि बाहेरच्या माणसाला तिथले लोक जवळ करतात का?

मी चोवीस वर्षं दक्षिण लुईझियानात हेच काम करते आहे. सुरुवातीला कंत्राटी, नंतर एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. त्याचा या कामाशी संबंध आहे, तो पुढे सांगते.

करिअर होतं. पण ‘केजन इतिहासकार पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही. पदाचं नाव अभिलेखपाल असतं, संग्रहालयातला अभिरक्षक असतं, प्राध्यापक असतं किंवा नुसतंच ‘प्रकल्प सहायक’ असतं. त्या प्रदेशाला चिकटून राहिलं, की आठ-दहा वर्षांनी गावागावांतून फोन यायला लागतात: माळ्यावर एक पेटी सापडलीय, येऊन बघता का? त्या फोनपासून खरं काम सुरू होतं.

आधी विषयाचा आवाका सांगते. सतराव्या शतकात पश्चिम फ्रान्समधली शेतकरी कुटुंबं आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जाऊन वसली. त्या मुलखाला ते अकेडी म्हणत. १७१३ च्या युट्रेख्टच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. शस्त्र हाती धरायला लावणार नसाल तर इंग्रज राजाशी इमान राखू, असं या लोकांचं म्हणणं होतं. बिनशर्त शपथ मागितली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्सच्या कौन्सिलने त्यांना हद्दपार करायचं ठरवलं. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून घेऊन जॉन विन्स्लो या अधिकाऱ्याने हुकूम वाचून दाखवला: जमिनी, घरं, गुरंढोरं सरकारजमा झाली आहेत. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास माणसं बोटींत भरून इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये पांगली. कित्येक जण वाटेतच गेले. त्यांचे वंशज या प्रकाराला ‘ग्राँ देराँजमाँ’ म्हणतात, म्हणजे मोठी उलथापालथ. १७६५ मध्ये जोझेफ ब्रूसार, ज्याला सगळे बोसोलेय म्हणत, तो सुमारे दोनशे माणसं घेऊन लुईझियानात बायू टेशच्या काठी उतरला (बायू म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा). १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी आणखी सुमारे १,६०० जण आले. ‘अकादियाँ’चं ‘कादियाँ’ झालं आणि इंग्रजी तोंडात त्याचं ‘केजन’ झालं.

एवढी गोष्ट कुठेही वाचायला मिळते. ती कोणत्या कागदांवर उभी आहे, हे बघणं आपलं काम. मला या विषयात कायमचं ओढणारी वस्तू म्हणजे नोंदवह्या. ग्राँ-प्रेच्या सेंट चार्ल्स चर्चच्या १७०७ पासूनच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या आज बॅटन रूजच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहेत. हद्दपार झालेल्या माणसांनी त्या बरोबर घेतल्या, परक्या वसाहतीत सांभाळल्या आणि लुईझियानातल्या सेंट गॅब्रिएलच्या चर्चपर्यंत आणल्या. घर, गोठा, उभं पीक सगळं मागे राहिलं. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन बोटीत चढताना कुणाला तरी वाटलं, की आपण कोण होतो हे लिहिलेलं पुस्तक मागे ठेवून चालणार नाही. पहिल्यांदा ती पानं पाहिली तेव्हा मी बराच वेळ काही टिपून घेऊ शकले नव्हते.

आता खारेपाटाचं. नोव्हा स्कोशियालगतच्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक पन्नास फुटांच्या आसपास जातो, जगातला सगळ्यात मोठा. अकेडियन लोकांनी तिथल्या खाजणाला बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवली. बांधाखालून लाकडी नळ काढायचा आणि त्यात एक झडप बसवायची. भरतीचं पाणी झडपेवर दाबलं की ती आपोआप बंद होते, ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. याला ते ‘अब्वातो’ म्हणत. दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुतलं गेलं की जमीन पिकायला लागते. मी शिकत असताना वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकृती काढून हे समजावत होते आणि बाकीची मुलं गोंधळली होती. मला आकृतीची गरजच पडली नाही. ही आमची उघाडी. गोव्यातल्या खाजणातला ‘मानस’ हा झडपेचा दरवाजाही याच तत्त्वावर चालतो. बांध फुटला की सगळ्या गावाने रात्री-अपरात्री चिखलात उतरायचं, कारण एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं की शेजाऱ्याचंही जातं, हे मी लहानपणी पाहिलं होतं. त्यामुळे अकेडियन गावांमध्ये एवढी एकी का होती, राजापेक्षा शेजाऱ्याशी इमान का मोठं होतं, या प्रश्नाकडे मी बांधाच्या बाजूने गेले. माझा पहिला शोधनिबंध त्यावरच होता. बाहेरचं असणं ही अडचण आहे, हे खरंच. पण आपण कुठून आलो ते विसरू नका. दुसऱ्याला न दिसणारी गोष्ट तुम्हाला तिथूनच दिसते.

भाषेबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच अडतात. फ्रेंच येतं म्हणजे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात १७६५ मध्ये हे लोक लुईझियानात आले तेव्हा तो मुलूख स्पेनकडे होता. बरेच सरकारी कागद स्पॅनिशमध्ये, तेही अठराव्या शतकातल्या धावत्या वळणात. त्यातला मोठा साठा स्पेनमध्ये सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात आहे, क्यूबातून परत नेलेल्या दफ्तरांत. फ्रेंच नावं स्पॅनिश कारकुनाने कानाला वाटली तशी लिहिलेली: पिएरचा पेद्रो, ज्याँचा हुआन. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना यातला अर्धा रस्ता माहीत आहे. अक्षर लावायचं, एका लेखनिकाची सवय ओळखायची, न कळलेला शब्द रिकामा सोडून पुढे जायचं आणि दहा पानांनी परत यायचं. पेशव्यांच्या दफ्तरातले कागदांचे रुमाल उघडून बसलेल्या माणसाला सेव्हिलचं बाड परकं वाटणार नाही. मोडी येत असेल तर अर्जात ती आवर्जून लिहा. हस्तलिखित वाचायची तयारी दाखवणारी ती खरी पात्रता आहे.

आणि बोलायचं फ्रेंच वेगळंच. इथे कोळंबीला ‘शेव्हरेत’ म्हणतात, पॅरिसमध्ये ‘क्रेव्हेत’. बुटाची नाडी बांधायला जे क्रियापद वापरतात ते मुळात गलबत धक्क्याला बांधायचं, ‘आमारे’. दर्यावर्दी लोकांचे शब्द जमिनीवर येऊन स्वयंपाकघरात बसले आहेत. पुस्तकी फ्रेंच बोलून तुम्ही एखाद्या आजीकडे गेलात, तर ती ओशाळून म्हणेल, ‘माझं फ्रेंच चांगलं नाही हो’. तिथेच मुलाखत संपते. तिला असं का वाटतं, याचाही इतिहास आहे.

१९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतूनच द्यायचं ठरवलं. शाळा सक्तीची झालेलीच होती. घरी एक शब्द इंग्रजी नसलेली मुलं वर्गात बसू लागली आणि फ्रेंच बोलली की शिक्षा. २००६ मध्ये मी व्हर्मिलियन परगण्यात एका ८२ वर्षांच्या बाईंकडे मुलाखतीला गेले होते. स्वयंपाकघरात बसलो, त्यांनी काळीभोर कॉफी छोट्या कपात ओतली. पहिला पाऊण तास त्या इंग्रजीतच बोलल्या: कापसाची वेचणी, नवऱ्याची होडी, १९२७ चा पूर. शाळेबद्दल विचारल्यावर चूल पुसायला उठल्या. ती स्वच्छच होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्या फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या. ‘शा, लघवीला जायचंय हे इंग्रजीत कसं विचारायचं ते मला येत नव्हतं. हात वर केला, बाई म्हणाल्या इंग्रजीत बोल. मग काय, उभ्या जागी झालं. सगळी पोरं बघत होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला लावलं, मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही. किती वेळा लिहिलं ते आठवत नाही. माझ्या पोरांशी मी कधी फ्रेंच बोलले नाही. त्यांच्यावर तशी वेळ नको.’

‘शा’ म्हणजे ‘शेर’ या फ्रेंच शब्दाचं इथलं रूप, आपल्याकडच्या ‘बाळा’सारखं. असाच अनुभव मी पुढे कितीतरी घरांत ऐकला, जवळपास त्याच तपशिलांसह. एक अख्खी पिढी ठरवून मुलांशी आपली भाषा बोलली नाही. आज चाळिशीतली नातवंडं माझ्याकडे येऊन आजीची टेप मागतात आणि ती काय म्हणतेय हे त्यांना कळत नाही. मी शेजारी बसून सांगते. एक मराठी बाई केजन नातवाला त्याच्या आजीचे शब्द समजावून सांगते, हे मला कधी सवयीचं झालं नाही, आणि होऊ नये असंही वाटतं.

१९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी कोडोफिल ही संस्था काढली, जेम्स डोमेंगो हे वकील तिचे पहिले प्रमुख. सुरुवातीला फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातून शिक्षक आले आणि त्यांनी त्यांचंच फ्रेंच शिकवलं. स्थानिक बोली वर्गात यायला वेळ लागला. मार्च १९७४ मध्ये लाफायेतच्या ब्लॅकहॅम सभागृहात केजन संगीताचा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा घरगुती म्हणून हिणवलं गेलेलं वादन लोकांनी हजारोंच्या संख्येने ऐकलं. बॅरी आन्सले यांच्यासारखे लोकसाहित्याचे अभ्यासक त्या काळात घरोघर ध्वनिमुद्रणं करत होते. लाफायेतच्या विद्यापीठातला केजन आणि क्रेओल (वसाहतकाळापासून इथेच रुजलेले लोक, त्यांत बरेच कृष्णवर्णीय) लोकसाहित्याचा संग्रह अशा कामातून उभा राहिला. आज मी जे काही ऐकते ते त्या पिढीने वेळेत टेप फिरवली म्हणून.

आता या पेशातली सगळ्यात अवघड बाजू. लोकांना प्रिय असलेली गोष्ट कागदावर सापडत नाही, तेव्हा काय करायचं?

सेंट मार्टिनव्हिल गावात बायूच्या काठी एक भला मोठा ओक आहे. त्याला इव्हँजेलिनचा ओक म्हणतात. १८४७ मध्ये कवी लाँगफेलो यांनी ताटातूट झालेल्या अकेडियन प्रेमिकांवर दीर्घ काव्य लिहिलं, त्याची नायिका इव्हँजेलिन. पुढे १९०७ मध्ये फेलिक्स व्हूऱ्हीझ यांनी आजीकडून ऐकलेली म्हणून एक कथा छापली, की खरी इव्हँजेलिन म्हणजे एमलीन लाबिश आणि ती याच गावात येऊन दुःखाने वेडी होऊन गेली. गावाने ती कथा आपली मानली. चर्चच्या आवारात तिचा पुतळा बसला. कार्ल ब्रासो या इतिहासकाराने १९८०च्या दशकात सगळे कागद धुंडाळून दाखवलं, की अशा बाईचा कुठल्याही नोंदीत मागमूस नाही. ब्रासो स्वतः इथलेच, ओपेलूसासचे. घरच्याच माणसाने हे सांगितलं, म्हणून ते लोकांनी ऐकून तरी घेतलं.

दुसरं उदाहरण आडनावांचं. थिबोडो, बूद्रो, गोट्रो यांच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत एक एक्स असतो. इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो, की पूर्वज निरक्षर होते, सहीऐवजी फुली मारायचे आणि कारकुनाने ती आडनावाला जोडून टाकली. ब्रासोंनी ही कथाही तपासली. १८२० च्या जनगणनेच्या वेळी न्यायाधीश पॉल ब्रियाँ यांनी अशा नावांचं लेखन एकसारखं केलं, तिथून ते रूढ झालं. मी शाळांमध्ये बोलायला जाते तेव्हा मुलांना फुलीची कथा आधी सांगायला लावते, मग जुनी पानं दाखवते. कथा कशी तयार झाली हे कळलं, की ती हातातून गेल्याचं वाईट वाटत नाही, उलट त्यांना आणखी पानं बघायची असतात.

त्याहून जड गोष्ट गुलामगिरीची. ‘आम्ही तर हाकलून दिलेले गरीब लोक’ ही केजन समाजाची स्वतःबद्दलची समजूत खरी आहे, आणि अपुरीही आहे. परगण्याच्या कोर्टात वारसाहक्काच्या फायली असतात. कुणी मेलं की नोटरी घरी जाऊन एकेका वस्तूची किंमत लावायचा. दोन लोखंडी कढया, एक पिंप, पिसांची गादी, जुनी घोडी, वासरासह गाय, आणि त्याच शाईत, त्याच रकान्यात, एक बाई: पहिलं नाव, अंदाजे वय, किंमत. खाली तिच्या मुलाचं नाव, वेगळी किंमत. पूर्वज छळले गेले त्यानंतर दोन पिढ्यांत नातवांच्या घरी हा कागद तयार होतो. बायूकाठच्या काही अकेडियन घराण्यांनी मोठे मळे उभारले. अलेक्झांडर मूटाँ १८४३ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले, ते अशाच मळेवाल्यांपैकी. बहुतांश कुटुंबं छोटी शेतकरीच राहिली, हेही कागदच सांगतात. दोन्ही सांगायचं.

ब्रूसार, थिबोडो, गिड्री ही आडनावं असलेली कितीतरी कृष्णवर्णीय क्रेओल कुटुंबं माझ्याकडे येतात. अमेरिकेत वंशावळ शोधणाऱ्या कृष्णवर्णीयांपुढे १८७० ची भिंत उभी असते. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं पहिल्यांदा आली, त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव नाही, फक्त वय, लिंग आणि वर्ण. पण लुईझियानात नोटरीच्या कागदांमुळे ही भिंत पुष्कळदा ओलांडता येते. ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी पॉइंट कूपीच्या कोर्टातल्या कागदांपासून सुरुवात करून १७१९ ते १८२० या काळातल्या १ लाखाहून जास्त गुलाम माणसांच्या नोंदी एकत्र केल्या. आमच्या क्षेत्रात एका व्यक्तीने केलेलं याहून मोठं काम मला माहीत नाही. केजन इतिहास शिकायचा म्हणता तेव्हा हा भागही त्यातच येतो. मिकमाक, चिटिमाशा, हूमा हे मूळचे लोकही त्यात येतात, कारण दोन्हीकडची जमीन आधी त्यांची होती. नुसत्या जेवणातही हे दिसतं. गंबो हा शब्द आफ्रिकन भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला, तो दाट करायची ‘फिले’ पूड चोक्टॉ लोकांकडची, आणि पीठ तेलातुपात भाजायची पद्धत फ्रेंच.

माझी एक मोठी चूक सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. तिसऱ्या वर्षी मी एका कुटुंबाची वंशावळ करून दिली. त्यात एकाच नावाच्या, एकाच परगण्यात राहणाऱ्या दोन चुलतभावांना मी एक माणूस समजले. त्यांनी ती वंशावळ कुटुंबमेळाव्यासाठी छापून शंभरेक घरांत वाटली. चूक कळल्यावर मी त्या घरी गेले, कागद पुढे ठेवले आणि सांगितलं. घरातले वडीलधारे गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे आता आम्हाला आणखी एक आजोबा शोधायला हवेत.’ तेव्हापासून बायकोचं माहेरचं नाव आणि लग्नाचे साक्षीदार जुळल्याशिवाय मी दोन नोंदी एकत्र करत नाही. लुईझियानाच्या कायदेशीर कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावाने येते. फ्रेंच आणि स्पॅनिश कायद्याची ही देणगी आहे. तिच्यामुळे इथे स्त्रियांचा माग इंग्रजी वसाहतींपेक्षा फार चांगला लागतो.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय इथलं काम समजणार नाही. १९३२ पासून लुईझियानाने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारा गमावला आहे. दफनभूमी पाण्यात जाताहेत. २००५ मध्ये रीटा, २०२० मध्ये लॉरा, २०२१ मध्ये आयडा ही वादळं आली, आणि प्रत्येक वादळानंतरचे पहिले दोन दिवस आमच्यासाठी कागदांचे असतात. भिजलेलं रजिस्टर उघडायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. मेणकागदात गुंडाळून ते सरळ गोठवायचं. ४८ तासांत बुरशी धरते, एकदा गोठवलं की सावकाश वाळवायला वेळ मिळतो. आयडानंतर एका घरातून फोटोंचं खोकं आणलं. फोटो एकमेकांना चिकटले होते. घर राहिलं नव्हतं, पण त्या बाईंचा पहिला प्रश्न लग्नाच्या फोटोबद्दल होता. तो सुटा करायला मला तीन आठवडे लागले.

आता पोटाचं. पूर्णवेळ प्राध्यापकी थोड्यांच्या वाट्याला येते. लाफायेतचं लुईझियाना विद्यापीठ, थिबोडोचं निकल्स स्टेट, बॅटन रूजचं राज्य विद्यापीठ, कॅनडात माँक्टाँ विद्यापीठाचं अकेडियन अध्ययन केंद्र आणि नोव्हा स्कोशियातलं सेंट-आन विद्यापीठ, एवढीच मुख्य ठिकाणं. लाफायेतमध्ये फ्रँकोफोन अध्ययनात पीएच. डी. करता येते, तुमच्यासारखीला ती वाट चांगली. पण मी सगळ्यांना सांगते, सोबत अभिलेखशास्त्राची पदवी घ्या. मला पहिली पक्की नोकरी तिनेच दिली.

प्राध्यापकीबाहेर काम पुष्कळ आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९६६ च्या ऐतिहासिक जतन कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार, केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना असलेला रस्ता, बंधारा, गॅसवाहिनी बांधण्यापूर्वी तिथे ऐतिहासिक काही आहे का हे तपासावं लागतं. तेलकंपन्या आणि किनारा-पुनर्बांधणीमुळे लुईझियानात असं काम सतत निघतं. सल्लागार कंपन्या इतिहासकारांना घेतात. मी चार वर्षं यात घालवली. जमिनीचे खरेदीखत मागे मागे न्यायचे, जुने नकाशे नव्यावर बसवायचे, शेतात चालायचं. पैसे बरे मिळाले आणि प्रदेश पायाखाली आला. राष्ट्रीय उद्यान सेवेची अकेडियन संस्कृतीची तीन केंद्रं आहेत, लाफायेत, युनिस आणि थिबोडोला, पण केंद्र सरकारच्या नोकरीला साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं. विद्यापीठांना एच-१बी या परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते, म्हणून परदेशातून येणाऱ्याने आधी तिथेच प्रयत्न करावा. नियम बदलत राहतात, अर्ज करताना ताजे बघा. खासगी कंपन्याही आहेत. एव्हरी बेटावर टाबॅस्को सॉस बनवणाऱ्या मॅकिलहेनी कंपनीचे इतिहासकार शेन बर्नार्ड यांनी केजन लोकांच्या अमेरिकीकरणावर मूलभूत संशोधन केलं आहे, कंपनीचं दफ्तर सांभाळत.

या कामाचं बाहेर काय होतं, तेही सांगते. १९९० मध्ये वॉरन पेरिन या इथल्या वकिलाने हद्दपारीबद्दल ब्रिटिश राजसत्तेकडे दाद मागितली. भरपाई नको होती, चूक मान्य करा एवढंच मागणं होतं. तेरा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, कॅनडाच्या गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी राणीच्या नावाने जाहीरनाम्यावर सही केली आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. नुसत्या भावनेवर असं होत नाही. कौन्सिलच्या बैठकीचा कागद, विन्स्लोची रोजनिशी, बोटींच्या याद्या, हे सगळं कुणीतरी वर्षानुवर्षं वाचून, छापून ठेवलं होतं.

लोक जवळ करतात का? करतात, वेळ घेऊन. पहिला प्रश्न ठरलेला: तुमचे आईवडील कोण, कुठले? इथे माणूस कुटुंबावरून ओळखला जातो, आपल्या गावासारखाच. मी खारेपाटाचं सांगते, भात आणि मासळी खाणारे आम्ही, हे सांगते, की गप्पा सुरू होतात. मुलाखत घेऊन नाहीसे होऊ नका. टेपची प्रत आणि टंकलेखन घरी नेऊन द्या, दफनाला जा, सगळ्यांनी मिळून डुक्कर कापून रांधायच्या ‘बूशरी’ला बोलावलं तर जा, खात नसाल तर कांदा चिरा. संमतीपत्र स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवा, आणि मुलाखत देणाऱ्याने एखादा भाग नको म्हटलं तर तो भाग कायमचा बंद ठेवा. त्या ८२ वर्षांच्या बाईंनी चुलीकडे तोंड करून सांगितलेलं मी लगेच कुठेच वापरलं नाही. दोन वर्षांनी त्यांनीच सांगितलं, की आता शाळेत मुलांना ऐकव.

तुम्ही पुण्यात असेपर्यंत पुढचे सहा महिने असे घालवा: स्पॅनिश सुरू करा, मोडी पक्की करा. सेव्हिलच्या संग्रहातले बरेच कागद संगणकावर बघता येतात, त्यातला एखादा १७८० च्या आसपासचा घेऊन ओळ न ओळ उतरवा. घरातल्या सगळ्यात वयस्क व्यक्तीची एक तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करा, चांगल्या दर्जाच्या फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, आणि शब्द न शब्द लिहून काढा. तासाभराला मला आजही आठ तास लागतात. मग त्यांच्या एका विधानाला सातबारा, शाळेचा दाखला किंवा पत्रिका यांतला कुठला कागद पुष्टी देतो आणि कुठला देत नाही, ते शोधा. जुळलं नाही तर ते तुम्ही त्यांना कसं सांगितलंत, ते दोन पानांत लिहून अर्जासोबत पाठवा. निवड समितीत बसते तेव्हा मी गुणपत्रिकेआधी असली पानं वाचते.